मोरीपलीकडची ऐरण

लडक्या घिसाडी गेला तेव्हा करंजपाड्याचं भात नुकतं पोटरीत आलं होतं. सकाळी बातमी पाड्यात पोचली आणि पालाशी पहिला आला तो काशीनाथ मेंबर. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, मेलेल्याकडं पाहिलं, मग विझलेल्या भट्टीकडं पाहिलं आणि म्हणाला, "अरेरे. वाईट झालं. पुतळे, माझे दोन कोयते होते ना गं त्याचेकडं?"

लडक्याच्या बायकोनं, पुतळीनं, पेटीमागं हात घालून कोयते काढून दिले. लडक्यानं आदल्या संध्याकाळी खोकत खोकतच ते शेवटले होते, म्हणजे तापवून ठोकून नवी धार काढली होती, पाणी पाजून धार लावून ठेवले होते. काशीनाथनं अंगठा फिरवून धार पाहिली. क्षणभर चेहरा फुलला. मग आठवण झाल्यासारखा तो पुन्हा पाडला आणि कोयते कमरेच्या आकडीत अडकवून गेला.

पुतळीनं त्याला लहानपणी नागडा पाहिला होता. नाकाला शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा, आणि भाता कसा ओढतात ते बघायला दिवसभर पालाशी उकिडवा बसलेला. त्याचा बाप बाळ्या मोठ्या मनाचा माणूस. त्या काळी घिसाड्यांच्या गाड्या घाटावरून उतरायच्या, जव्हार, कासा करत समुद्राकडं जायच्या, आगरात मासे कापायच्या सुऱ्या करायच्या, घोलवडला चिकूच्या वाडीवाल्यांची हत्यारं, आणि भात पिकायच्या सुमाराला इकडं तलासरीकडं वळायच्या. गाडीच्या बैलांचे घुंगरू ऐकले की पाड्यातल्या बाया पाटीत विळे घालून वाटेवर उभ्या राहायच्या. पुतळीला बसायला पाट मिळायचा. सुक्या बोंबलाचं कालवण मिळायचं. एका वर्षी बाळ्यानं चिंच दाखवली आणि म्हणाला, "लडक्या, कशाला फिरतोस? गावाला लोहार नाही. बस इथं." लडक्या बसला. पुढं बैल मेला, दुसरा घेणं झालं नाही, गाडीच्या चाकावर घोसाळ्याचा वेल चढला. बाळ्याही गेला. चिंचेखालचं पाल तेवढं राहिलं, आणि पाड्याच्या तोंडी त्यांचं नावही तेच राहिलं. फिरस्ते.

कोणाची कोंबडी हरवली की आधी पालात वाकून बघायचे. मतदानाला मात्र टेम्पो दारात यायचा.

घिसाड्यांत मेलेल्याची ऐरण उभी ठेवत नाहीत. ती उपटून आडवी घालायची. त्या भट्टीत पुन्हा विस्तव करायचा नाही. माणूस मेला ते पाल मोडायचं आणि नवं पाल घालायचं ते मध्ये वाहतं पाणी ठेवून, म्हणजे मेलेला जीव मागं मागं येत नाही. मग कुळातला पुरुष येऊन ऐरण पुन्हा उभी करतो. तोवर ती तशीच पडलेली.

पुतळीची लेक भिकी वापीहून नवऱ्याबरोबर आली. जावई तिथं एका गाळ्यात वेल्डिंग करायचा. त्यानं माती दिली, पाल मोडलं, आणि चिंचेजवळच्या ओहोळावर जी मोरी, म्हणजे बुटका पूल आहे, ती ओलांडून पलीकडं सादड्याच्या झाडाखाली नवं पाल उभं केलं. ऐरणही नेऊन तिथं आडवी घातली. पण ती उभी करायला जावई चालत नाही, दीर लागतो. दीर उंबरगावकडं कुठं तरी होता. "येतो" म्हणाला होता.

"आये, चल आमच्याकडं," भिकी म्हणाली.

"जावयाच्या दारात खायला? माझे हात तुटले का?"

भिकी गेली. पुतळी सादड्याखाली बसून राहिली. हात तुटलेले नव्हते, हेच तर होतं. घिसाड्यांत घण बाई मारते आणि सांडशी पुरुष धरतो. लाल लोखंड ऐरणीवर वळवत तो बारक्या हातोडीनं टिचकी मारून दाखवतो, कुठं, आणि बाई तिथं घण घालते. पुतळीनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घण उचलला होता तो आजवर. पोटुशी असतानाही मारला. तिचे खांदे गड्यासारखे, दंड करकरीत, तळहात घोरपडीच्या पाठीसारखे. पण बाईनं सांडशी धरायची नाही. आणि सांडशीवाचून घण म्हणजे नुसतं वजन.

तांदूळ संपत आला.

*

अंगणवाडीच्या सुधाताईनं तिला निराधारचं सांगितलं. सुधाताई बरी बाई, पण पालाशी आली की नाकाला पदर लावूनच बोलायची.

"विधवा आहेस, जमीन नाही, मुलगा नाही. तुला नाही तर कोणाला मिळणार? दर महिन्याला मिळतं. रेशनवर तांदूळपण मिळेल. तालुक्याच्या कचेरीत जा."

पुतळी गेली. धुतलेलं लुगडं नेसली, हातात मतदानाचं कार्ड आणि लडक्याच्या मरणाचा दाखला. कचेरीत बाकावर जागा होती, पण ती बसली तशी शेजारची बाई उठून उभी राहिली. पुतळी पाय पसरून नीट बसली. उभं राहायची हौस असली तर राहा बापडी.

खिडकीत नीलम मॅडम होत्या. पंख्याखाली, समोर डब्यात कापलेली पपई.

"नाव?"

"पुतळी लडक्या चव्हाण."

"राहणार?"

"करंजपाडा."

"करंजपाड्यात कुठं? घर नंबर?"

"पाल हाय. चिंचेपाशी."

"चिंचेला नंबर आहे का?"

मागचे दोघं कारकून हसले. मॅडमनं मतदानाचं कार्ड उलटसुलट केलं. "हे ठाणे जिल्ह्याचं आहे. आता पालघर जिल्हा झाला, माहीत आहे ना?"

"मी हलले नाय बाई. जिल्हाच हलला."

हे ऐकून मात्र कोणी हसलं नाही. मॅडमनं पपईची फोड काट्यानं टोचली. "मावशी, तुमच्या लोकांचं कसं असतं ना. आज इथं, उद्या उंबरगावला. एक कार्ड इकडं, एक गुजरातमध्ये. पैसे दोन्हीकडचे. आम्हाला उत्तर द्यावं लागतं वर."

"बैल मेला तेव्हापासून गाडी जाग्यावर हाय. चाकाला वेल चढलाय."

"पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहता याचा पुरावा लागतो. वेल नाही चालत."

"माझ्या लेकीचं लगीन तिथंच झालं."

"फोटो आहे? नाही ना." मॅडम अर्ज सरकवायला वाकल्या आणि त्यांची नजर पुतळीच्या हातावर गेली. मग दंडावर. "अहो, बघा जरा इकडं. हे दंड बघा. तुमचे दोन मिळून होणार नाहीत."

कारकून उठून बघायला आले. बाकावरच्यांनीही माना वळवल्या. पुतळीला एकदा नाशकाकडच्या जत्रेतलं दोन तोंडांचं वासरू आठवलं. लोक असेच वाकून बघत होते, आणि वासरू कडबा खात होतं.

"निराधार म्हणजे ज्याला काम होत नाही, मावशी. तुम्ही तर पैलवान."

"काम होतं. धरणारा गेला."

"म्हणजे?"

"सांडशी धरणारा. त्याच्याबिगर माझं काम नाय होत."

"मग दुसरा बघा की धरणारा!" एक कारकून म्हणाला, आणि आता सगळी कचेरी मोकळेपणानं हसली.

पुतळीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. पोट शर्टाच्या बटणांत मावत नव्हतं, मनगट मात्र कोंबडीच्या तंगडीएवढं. असला गडी भात्यालासुद्धा कोणी बसवला नसता. ती म्हणाली, "तुला नाय धरता यायचं रे बाबा. पोळंल."

मॅडमनं अर्ज घेतला. घ्यावाच लागतो. "तलाठी चौकशीला येतील. जागेवर सापडला नाहीत तर अर्ज निकाली."

*

दसऱ्यानंतर तलाठी आला. दर्शन नाव, कोवळा मुलगा, मोटारसायकलवर काळा चष्मा. मागं काशीनाथ मेंबर आणि पंच म्हणून पाड्यातले दोघं. सगळे चिंचेखाली उभे राहिले. तिथं राखेचा काळा खड्डा, ऐरणीचं खोड पुरलेल्या जागेचं चौकोनी भोक, आणि वेल चढलेली गाडी.

"इथं तर कोणीच नाही," दर्शन म्हणाला.

पलीकडून, मोरीच्या त्या अंगाला, सादड्याखालून पुतळी हात हलवत ओरडली, "सायेब! मी हितं! हितं हाय मी!"

दर्शननं चष्मा वर केला. "ती कोण?"

"तीच ती," काशीनाथ म्हणाला.

"मग तिकडं काय करते?"

"गेली. नवरा मेला न् उचललं बिऱ्हाड. यांचं असंच असते साहेब. बूड नाही."

तोवर पुतळी मोरीवरून पळत आली. धाप लागली नव्हती. तिला धाप लवकर लागत नसे, आणि तेही त्या दिवशी वाईटच दिसलं.

"मावशी, तुम्ही तर सागपाड्यात राहता."

"कुठला सागपाडा? ही काय मोरी."

"ओहोळ ही हद्द आहे. अलीकडं करंजपाडा, पलीकडं सागपाडा. सागपाडा माझ्या सज्जात नाही."

"सायेब, माणूस मेला की पाणी ओलांडावं लागतं. आमच्यात तसंच. ऐरण उभी झाली की परत येणार हितं."

"सुतक घरात बसून पाळतात," दर्शन समजुतीनं म्हणाला. त्याच्या घरी बहुधा पाळायला घर होतं.

पुतळी काशीनाथकडं वळली. "काशा, तू सांग ना. तुझ्या बापानं दिली ही जागा. तू रोज येऊन बसायचास हितं, भाता ओढायला दे म्हणून रडायचास."

काशीनाथनं कमरेची आकडी सरळ केली. तिच्यात लडक्याचा कोयता होता. "बापानं दाखवली असेल. मी लहान होतो. हे लोक येतात, जातात. आपण काय कोणाची नोंद ठेवतो?" मग तलाठ्याला बाजूला नेऊन पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आज निराधार लिवलं का उद्या घरकुल मागेल. घरकुल म्हटलं का जागा आली. मला इथं गवताचा खळा करायचा आहे."

गवत ऐकून पंचांनी माना हलवल्या. दोघंही त्याच्याच गवतावर कापायला जाणारे.

रस्त्यानं सरपणाचा भारा घेऊन नवशी म्हातारी चालली होती. ती थांबली. भारा खाली न ठेवताच म्हणाली, "इथलीच आहे ती. माझे पोरांची नाळ हिचे सुरीनं कापली. हा काशीनाथपण तिचेच सुरीचा."

"आजी, तुम्हाला कोणी विचारलं का?"

"नाही विचारलं. म्हणून तर बोलली." नवशी चालायला लागली. तिचा अंगठा कोणी मागितला नाही.

दर्शनला उशीर होत होता. तो वाईट नव्हता, त्याला फक्त कागद स्वच्छ हवा होता. "एक काम करा, मावशी. मूळ जागेवर परत या. पाल, भट्टी, ऐरण, सगळं इथं दिसलं पाहिजे. मी शुक्रवारी येतो. दिसलं तर लिहितो."

त्या दिवशी दुपारी पुतळी सागपाड्यालाही गेली. म्हटलं, पाल त्यांच्या हद्दीत आहे, तर त्यांनी लिहावं. तिथला सरपंच झोपाळ्यावर होता. म्हणाला, "करंजपाड्यानं खाल्लं, प्यालं, न् हाडं आमचेकडं टाकली? आठ दिवसांत हलायचं. नाही तर आमची पोरं हलवतील."

*

दीर आला नाही. निरोप आला की बायको आजारी आहे, दिवाळीनंतर बघू.

गुरुवारी सकाळी सुधाताई मोरीपाशी आली. नाकाला पदर होताच. "हे बघ पुतळे, उद्या साहेब येतील तेव्हा अंगभर पदर घे. दंड दाखवू नको. थोडी वाकून चाल. मध्ये मध्ये खोक."

"मेल्याचं सोंग घेऊ?"

"सोंग कसलं गं? सगळेच करतात. काशीनाथची आई कशी नेली कचेरीत? चादरीत घालून चौघांनी. मॅडमच्या डोळ्याला पाणी आलं. मंजूर झालं, न् येताना म्हातारी स्टँडवर चादरीतून उतरली आणि उभ्यानं भजी खाल्ली."

"तिच्या तर चिकूच्या वाड्या हायत."

"त्या मुलाच्या नावावर. तू हुशारी शीक जरा."

सुधाताई गेली आणि पुतळी पडलेल्या ऐरणीकडं बघत बसली. लडक्याच्या आज्याची ऐरण. बाभळीच्या खोडात ठोकलेली, वरचं तोंड मधोमध जरा खोलगट झालेलं, आणि तो खोलगा पुतळीच्या सासूच्या घणानं सुरू झाला होता आणि तिच्या स्वतःच्या घणानं वाढला होता. दीर येईपर्यंत ही हलवायची नाही. हलवली नाही तर ती करंजपाड्याची नाही. आणि इथं ठेवली तर सागपाड्याची पोरं ओहोळात लोटतील.

"ऐक," ती ऐरणीला म्हणाली, म्हणजे लडक्यालाच. "तुझ्या भावाला बायकोचं डोकं दुखलेलं दिसतं, आपली ऐरण दिसत नाय. तू मागं येऊ नको म्हणून पाणी ओलांडलं. आता यायचं तर ये. मला तांदूळ पायजे."

आधी तिनं पालाची फाटकी ताडपत्री आणि काठ्या नेल्या. मग भाता, मग पेटी. शेवटी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला, गुडघे वाकवून ऐरणीला मिठी घातली आणि पोटाशी धरून उचलली. भाताच्या भरल्या गोणीएवढं वजन. पोटावर लोखंड गार लागलं. चार पावलं टाकली की बसायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं. ऊन चढलं. कापणीला आलेल्या भाताचा वास येत होता, आणि शेतात बायका वाकलेल्या होत्या. त्या कापायच्या थांबून बघायला लागल्या. पुढं कोणी आलं नाही.

मोरीच्या कठड्यावर तिनं ऐरण टेकवली. पोटाशी धरून पुढचा चढ होणार नव्हता. ती कठड्याला पाठ लावून वाकली, खोड खांद्यावर ओढून घेतलं आणि दात खाऊन उभी राहिली. मांड्या थरथरल्या. मग थांबल्या. मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहिल्या. ती चालायला लागली. चालताना तिला खूप दिवसांनी बरं वाटलं, आणि तिनं नकळत घण मारताना काढायची तशी हुंकाराची लय धरली. हूं. हूं.

समोरून मोटारसायकल आली.

दर्शनला शुक्रवारी पालघरला मीटिंग लागली होती, म्हणून तो गुरुवारीच आला होता. मागं काशीनाथ. मोटारसायकल मोरीच्या तोंडाशी थांबली. दर्शननं इंजिन बंद केलं. साठीची बाई, उघडे दंड घामानं चमकताहेत, आणि खांद्यावर लोखंडाची ऐरण.

"बापरे," तो म्हणाला. त्यात कौतुक होतं. तेच बाधलं.

"बघा साहेब," काशीनाथ हळूच म्हणाला. "ही निराधार. माझे गड्यांना उचलणार नाही ते हिनं उचललं."

"सायेब, तुम्हीच म्हणालात हितं आणून ठेव. ठेवते." पुतळी त्यांच्या बाजूनं गेली, चिंचेखाली पोचली, आणि जुन्या चौकोनी भोकात ऐरणीचं खोड सोडलं. धप्प आवाज झाला. पायानं माती सारून तिनं ती गच्च केली. "घ्या. पाल, भाता, ऐरण. करंजपाड्यात. लिवा."

दर्शननं पेन उघडलं, मिटलं. "मावशी, तुम्ही इथं राहता हे मी लिहितो. अगदी लिहितो. पण..." त्यानं तिच्या खांद्याकडं पाहिलं. खोडाच्या कडेनं कातडी सोलली होती आणि रक्त आलं होतं. "पण मला जे दिसलं तेही लिहावं लागेल ना."

"काय दिसलं?"

त्यानं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. काशीनाथनं त्याला मोटारसायकल वळवायला मदत केली.

*

दिवाळीला अर्ज परत आला. सुधाताईनंच वाचून दाखवला. अर्जदार मौजे करंजपाडा येथे राहते. अर्जदार शारीरिकदृष्ट्या सक्षम असून कष्टाची कामे करू शकते. सबब निराधार म्हणता येत नाही.

"सांगितलं होतं मी, वाकून चाल," सुधाताई म्हणाली.

"वाकून ऐरण उचलतात का, ते मला दाखव एकदा," पुतळी म्हणाली. सुधाताई रागावून गेली. पुन्हा दोन महिने फिरकली नाही.

पुतळी चिंचेखाली राहिली. नवशीनं दोनदा नाचणी आणून दिली. ओहोळातले खेकडे होते, रानातले कंद होते. ऐरणीला तिनं हळद लावली नाही की नारळ फोडला नाही. ती उभी होती, एवढंच.

भात निघालं आणि गवताचे दिवस आले. माळ पिवळे पडले. गवताच्या वखारींचे ट्रक रस्त्याला लागले. मुंबईच्या तबेल्यांना गवत इथून जातं आणि एकदा ते वाळून मोडायला लागलं की ट्रकवाला तोंड फिरवतो. काशीनाथनं यंदा मोठा माळ घेतला होता. विळे त्यानं वापीच्या बाजारातून आणले, चकचकीत, प्लास्टिकच्या मुठीचे. दुसऱ्या दिवशी ते वाकले. पत्रा होता तो. जुने विळे बोथट होऊन आढ्यात पडले होते. डहाणूच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, शेवटून कोण देतं आता, नवीन घ्या.

तिसऱ्या दिवशी काशीनाथ पोत्यात विळे घालून चिंचेखाली आला. मागं चार गडी.

"पुतळे, एवढे शेवटून दे गं. आजच्या आज."

पुतळी खेकड्याची नांगी फोडत होती. "माझ्याकडं सांडशी धरणारा नाय."

"तू धर. घण कोणीपण मारेल."

"आमच्यात बाई सांडशी धरत नाय."

"तुमच्यात," काशीनाथ वैतागून म्हणाला, "तुमच्यात बाईनं ऐरणपण उभी करायची नव्हती ना? केली ना?"

पुतळीनं नांगी खाली ठेवली. माणूस मूर्ख असला तरी कधी कधी तोंडातून खरं पडतं. एक मोडलं होतं. दुसरं मोडायला आता कोणाला विचारायचं? दिराला?

"तांदूळ आण," ती म्हणाली. "आधी. घरचा आण, आईच्या रेशनचा नको. तो निराधारांचा असतो."

गड्यांपैकी एक खोकला. काशीनाथनं त्याच्याकडं डोळे वटारले आणि पोराला निरोप धाडला. गोण आली. पुतळीनं तोंड सोडून दाणे हातात घेतले, एक दातांखाली फोडला, गोण ओढून पालात नेली. मग भट्टीत कोळसा भरला. ज्या भट्टीत पुन्हा विस्तव करायचा नव्हता, तीत केला. नवशी येऊन भात्यापाशी बसली. भात्याचा श्वास सुरू झाला, कोळसा लाल झाला, पांढरा झाला, आणि पुतळीनं पेटीतून लडक्याची सांडशी काढली. तिचे दांडे त्याच्या हाताच्या मापाचे वाकलेले होते. तिनं ते आपल्या मुठीत बसवून घेतले.

विळा लाल झाला. तिनं तो ऐरणीवर धरला आणि बारक्या हातोडीनं टिचकी मारली, कुठं.

"मार."

काशीनाथनं गड्याला खूण केली.

"तो नको. तू. विळे तुझे, माळ तुझा. नाय तर थांबवते."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. रस्त्यावरून जाणारे थांबले. काशीनाथ हसून म्हणाला, "लहानपणी हट्ट केला होता ना मी," आणि बाह्या सरसावून त्यानं घण उचलला. पहिला घाव बरा बसला. दुसरा कडेला गेला. पुतळी लोखंड वळवत होती, टिचकी मारत होती, "मार. हां. मार. अरे हितं, हितं, नांगर मारतोस का?" चौथ्या विळ्याला त्याच्या शर्टाची पाठ भिजली. पुढच्याला तोंड उघडं पडलं. मग त्यानं घण जमिनीवर टेकवला आणि दांड्यावर ओणवा झाला. छातीचा भाता नवशीच्या भात्यापेक्षा मोठ्यानं वाजत होता. ओठ निळसर झाले होते.

पुतळी सांडशीत लाल विळा धरून त्याच्याकडं बघत राहिली. दंडाकडं पाहिलं. मनगटाकडं पाहिलं. गुडघ्यांपर्यंत नजर खाली नेली आणि पुन्हा वर आणली, कचेरीत बघतात तशी.

"काशा, असाच जा," ती म्हणाली. "असाच, धापा टाकत. पपईवाल्या बाईला दाखव. लगीच मंजूर करंल."

नवशी भात्यामागं हसली, बोळक्या तोंडानं, मोठ्यानं. गडी खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

काशीनाथनं टोपीनं तोंडावरचा घाम पुसला. पोत्यात विळे बरेच उरले होते, माळावरचं गवत उन्हात कडकड वाजत होतं, आणि ट्रकवाला उद्या येणार होता.

"उचल," पुतळी म्हणाली. "लोखंड काळं पडतंय."

त्यानं घण उचलला.